डांबराच्या अलीकडे

मुरूम पडला, रोलर फिरला आणि डांबर यायचं राहून गेलं, असा रस्ता आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे तक्रारीचा विषय असतो. ग्रामसभेत त्यावर ठराव होतो, आमदारांना निवेदन जातं, पेपरात खड्ड्यासकट फोटो येतो. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एम्पोरिया गावाभोवती असेच रस्ते होते. तिथल्या लोकांनी निवेदन वगैरे न देता २००६ साली त्यांच्यावर दोनशे मैलांची सायकल शर्यत भरवली. आता जगभरातून माणसं पैसे भरून तिथली धूळ खायला जातात. २०२२ मध्ये इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धासुद्धा झाली. आपला कच्च्या रस्त्यांचा अनुभव याहून कितीतरी जुना. पण त्यासाठी पदक मिळू शकतं, हे आपल्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही.

या खेळाच्या सायकलीला ग्रॅव्हल बाइक म्हणतात. पुण्याचा माझा एक मित्र हिवाळ्यात ती घेऊन चंद्रपूरला येतो. मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हॅण्डल, डिस्क ब्रेक, वजन दहा किलोच्या आसपास, किंमत लाखाच्या पुढे. तिचं सगळं रहस्य टायरमध्ये आहे म्हणतो. डांबरावर पळणाऱ्या शर्यतीच्या सायकलीचा टायर पंचवीस-अठ्ठावीस मिलिमीटरचा, हिचा चाळीसचा. त्यात हवा जरा कमी ठेवायची, म्हणजे चाक खड्यांवरून उडत नाही, खडे पोटात घेत पुढे जातं. हे शास्त्र तो पद्मापूरच्या वाटेवर एका टपरीत समजावून सांगत होता, तेव्हा शेजारीच एक जुनी काळी सायकल स्टँडवर उभी होती. तिच्या टायरवर अठ्ठावीस बाय दीड असा आकडा होता. दीड इंच म्हणजे अडतीस मिलिमीटर. हवाही कमीच होती. मालकाची भरायची राहिली होती.

टपरीवाल्याने चहा ठेवत विचारलं, "कोठी चालले जी?"

"असंच, कच्च्या रस्त्यांनी फिरायला," मित्र म्हणाला.

"कच्च्या कायले? पक्का हाये नं मोहर्लीवरी."

"पक्का नको. मुरमाचाच पाहिजे."

टपरीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. पाहुण्यांची तब्येत बरी आहे ना, असा तो प्रश्न होता. मग म्हणाला, "मंग आमच्या गावाले या जी. आमी तं कवापासून अर्जच देऊन राह्यलो."

एकाला जो रस्ता पाहिजे, तोच दुसऱ्याला नको आहे, आणि दोघेही आपापल्या जागी शहाणे आहेत. मला ही गंमत त्या सायकलीपेक्षा जास्त आवडते. मित्राला दोन दिवस धूळ हवी असते, टपरीवाल्याला ती बारमाही मिळते. मुरूम डिसेंबरात कुरकुरीत असतो. जुलैत तोच चाकात आणि मडगार्डात अडकून बसतो, आणि माणूस सायकलवर बसायचं सोडून सायकल खांद्यावर घेतो. तेव्हा गावात अडलेली बाळंतीण असेल, तर त्या रस्त्याचं सौंदर्य कोणी सांगू नये.

हे रस्ते टिकले याचं श्रेय ठेकेदाराला देण्याची पद्धत आहे, पण ते अर्धंच खरं. उरलेलं श्रेय कायद्याचं. १९८० च्या वन संवर्धन कायद्यापासून जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला घ्यायची, तर केंद्राची मंजुरी लागते. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाच्या रस्त्यासाठी सोपी वाट काढून दिली: ग्रामसभेची शिफारस असेल, तर एक हेक्टरपेक्षा कमी जागा मिळू शकते. तरी फाइल चालायची ती आपल्या चालीने. शिवाय वनखात्याचे स्वतःचे रस्ते आहेत, कुपातलं लाकूड काढायला केलेले. वणवा अडवायच्या जाळरेषा आहेत. नकाशावर दिसत नाही, पण पायाला माहीत आहे, असं हे जाळं सागाच्या, ऐनाच्या, बांबूच्या रानातून पसरलेलं आहे.

त्यातलं सगळं सायकलवाल्याचं नाही, हे मात्र आधीच समजून घ्यावं. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, राज्यातलं पहिलं. पुढे अंधारी अभयारण्य जोडून १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या गाभ्याच्या सव्वासहाशे चौरस किलोमीटरमध्ये सायकलला मज्जाव आहे. तिथे जिप्सीत बसायचं आणि गाइड दाखवेल तिकडे बघायचं. सायकलला मोकळे आहेत ते बफरमधले गावाचे रस्ते: आगरझरी, देवाडा, जुनोना या बाजूचे. एका अंगाला इरई धरणाचं पाणी, त्या पाण्यावर चालणाऱ्या वीज केंद्राची धुराडी दूरवर, आणि दुसऱ्या अंगाला बांबू इतका दाट की त्यातून कोण बघतंय ते आपल्याला दिसू नये. उत्तरेला नागभीडकडे घोडाझरीचा तलाव आणि सातबहिणींचा डोंगर. खरे चढ पाहिजेत, तर वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत शिरावं. धानोऱ्याच्या पुढे मुरूमगाव नावाचं गावच आहे. मित्र नाव ऐकून हरखला. तिथून छत्तीसगडकडे जाणारा रस्ता नेमका डांबरी निघाला, त्याचा तो अजून राग धरून आहे.

लांब पल्ल्याच्या सायकलवाल्यांची या मातीला नवलाई नाही. वरोऱ्याच्या आनंदवनातल्या बाबा आमट्यांनी १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून भारत जोडो अभियान काढलं, तेव्हा शंभरावर तरुण-तरुणी साध्या सायकलींवर काश्मीरकडे निघाले होते. पाठीच्या दुखण्यामुळे बाबांना बसवत नव्हतं, म्हणून ते गाडीत झोपून सोबत होते. आणि रोजची शर्यत म्हणाल, तर मानव विकास योजनेतून मिळालेल्या सायकलींवर शाळेला जाणाऱ्या मुली बघा. दप्तर कॅरिअरला, मैत्रीण डब्बल सीट, चढावर उतरायचं नाही अशी पैज. दिवाळीनंतर झाडीपट्टीतली नाटकं सुरू होतात. रात्री जेवून निघायचं, पहाटेपर्यंत नाटक बघायचं आणि धुक्यातून सायकल मारत परत यायचं. एम्पोरियाच्या शर्यतीतसुद्धा मध्येच अख्खं संगीत नाटक बघायची अट नाही.

मित्राच्या सायकलीत एक दोष आहे, आणि तो गावकऱ्यांनीच काढला. ती आवाज करत नाही. आमच्याकडची सायकल मडगार्डापासून चेनकव्हरपर्यंत खडखडते, त्यामुळे पुढच्या वळणावरच्या अस्वलाला आधी कळतं आणि ते बाजूला होतं. अस्वल मुळात भांडखोर नाही. अचानक अंगावर आलेलं काही त्याला सहन होत नाही, एवढंच. वाघाचंही तसंच, फक्त तो ऐकूनही कधी कधी बसूनच राहतो. रस्ता मऊ आणि कोरडा असतो, वाघालाही चालायला तोच आवडतो. २०२१ पासून गडचिरोलीत रानहत्तींचा कळप आला आहे. त्यांच्या बाबतीत घंटीचा उपयोग नाही. लांबूनच वळावं. चंद्रपूरच्या खेड्यांत दरवर्षी माणसं वाघाच्या तोंडी जातात. मोह वेचायला, तेंदूपत्ता तोडायला वाकलेली माणसं. त्यामुळे पहाटेचा कोवळा उजेड, संध्याकाळची तिरपी उन्हं वगैरे जे काही छायाचित्रात चांगलं दिसतं, ते इथे घरी बसून बघावं.

२०२५ च्या १ जानेवारीला गडचिरोलीत अहेरीहून गर्देवाड्याला एसटी सुरू झाली. स्वातंत्र्यानंतरची त्या भागातली पहिली. लोक बसला ओवाळायला आले. मित्राला बातमी दाखवली, तर म्हणाला, "म्हणजे आता तिकडेही डांबर." मग स्वतःच ओशाळला आणि म्हणाला, "बरं झालं." माझ्या मते त्याच्या सायकलवारीतला तो सगळ्यात अवघड चढ होता.

तुम्हाला यायचं असेल, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या. एप्रिलात आमच्याकडचं ऊन पंचेचाळीसच्या वर जातं, आणि त्यात टायरचं शास्त्र चालत नाही. सकाळी नऊनंतर निघा, चारच्या आत गावात पोचा, एकटे जाऊ नका, वनखात्याची पाटी असेल तिथून मागे फिरा. मडगार्ड नसेल तर मोठ्याने बोलत चला. आणि प्रत्येक गावात थांबून पुढचं विचारा. अंतर ते निम्मंच सांगतील, कारण त्यांना ते तेवढंच वाटतं. पण वाघ काल कुठे बसला होता ते सांगितलं, तर वाद घालू नका.