पॅरिशचे बखरकार

इंग्लंडातल्या प्रत्येक खेड्यात एक चर्च, एक पब आणि एक स्थानिक इतिहासकार असतो. त्यातला पब तरी रात्री बंद होतो.

हे गृहस्थ बहुधा निवृत्त शिक्षक. कोपरांवर कातडी ठिगळं लावलेलं ट्वीडचं जाकीट, काखेत नकाशाची सुरळी. शेजाऱ्याचं नाव त्यांना आठवत नाही. पण १५३८ साली राजाचा मंत्री टॉमस क्रॉमवेल यानं बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी सक्तीच्या केल्या, तेव्हापासूनचे गावातले मयत त्यांना तोंडपाठ. तुम्ही तीस वर्षं तिथं राहत असलात तरी त्यांच्या लेखी कालच आलेले.

१०८६च्या डूम्सडे बुकात, म्हणजे राजानं करवलेल्या जमीनजुमल्याच्या नोंदवहीत, गावाच्या वाट्याला दोन ओळी आल्या आहेत : नांगर किती, गिरणी किती, डुकरांपुरतं रान किती. त्या दोन ओळींवर ते दोन तास बोलतात. चहा-बिस्किटं शेवटी ठेवतात, म्हणून श्रोते टिकतात.

इतिहासकार डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९५५ साली शेतं, बांध, पायवाटा हीसुद्धा इतिहासाची कागदपत्रंच, हे दाखवून दिलं आणि यांच्या चिखलाच्या बुटांना विद्वत्तेचा दर्जा मिळाला. पुढं पर्यावरण-अभ्यासक मॅक्स हूपर यांचा ठोकताळा आला : तीस यार्ड कुंपणात झाडाझुडपांच्या जितक्या जाती, तितकी शतकं त्याचं वय. दहावी जात सापडली की कुंपण थेट हजार वर्षांमागच्या सॅक्सन काळात जातं. म्हणून ती सापडेपर्यंत सोबतच्यांना जेवण नाही.

दुःख एकच. गावात लढाई झाली नाही, राजाही मुक्कामाला आला नाही. दोन्ही मान शेजारच्या पॅरिशला, म्हणजे पलीकडच्या चर्चच्या हद्दीतल्या गावाला, मिळाले, आणि त्या पॅरिशला यांनी अजून माफ केलेलं नाही.

मग ते चर्चचे जुने हिशेब काढतात. हेजहॉग हा काटेरी प्राणी रात्री गाईंचं दूध पितो, अशी लोकांची समजूत; १५६६च्या कायद्यानं तो मारून आणणाऱ्याला चर्चमार्फत दोन पेन्स बक्षीस ठरवलं. १६७८च्या कायद्यानं लोकरीचा धंदा चालावा म्हणून मयतालाही लोकरीतच पुरायचं. लिननच्या कापडाचा दंड पाच पौंड. ऐपतदार घराणी ऐट म्हणून तो भरत!

राजांचा इतिहास लिहायला पुष्कळ जण आहेत. दोन पेन्सांसाठी चर्चच्या दारात उभा राहिलेला शेतमजूर मात्र यांच्याच वहीत जिवंत आहे. तेव्हा त्या गावी गेलात तर ‘हे चर्च किती जुनं?’ असं त्यांना जरूर विचारा. फक्त परतीची शेवटची बस चुकवायची तयारी ठेवा.