कुंपणावरची वेल आणि गॅरेजातली बुडबुड

वहिनी, अहो वहिनी! तो नळ बंद करा आणि जरा इकडे या. घाबरू नका, काही जळत नाहीये. वास तुमच्याकडेही आला ना? सकाळपासून सगळ्या गल्लीभर तोच आहे. आमच्या चिरंजीवांनी मागच्या अंगणात गॅसची मोठी शेगडी मांडलीय, बियर शिजतेय. हो, बियरच! मोठ्याने बोला, इथे चालतं. पहिल्या वर्षी आले तेव्हा मीसुद्धा धावत जाऊन सगळ्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. म्हटलं, ओरेगनमध्ये हिल्सबरोला नातवाला सांभाळायला आलो आणि मुलाच्या हातभट्टीत सापडलो!

आधी ह्या वेलीचं बोलू. तुमच्या बाजूला दोन हात आत आलीय, तुमची सूनबाई काही म्हणत नाही हा तिचा चांगुलपणा. द्राक्षाची वाटली ना तुम्हाला? आमच्या ह्यांचंही तेच झालं. जन्म तासगावात गेलेला माणूस, पानं बघून पैजेवर म्हणाले, द्राक्षच आहे, जून संपू दे, घड दाखवतो. घड कसले! ही हॉप्सची वेल. बियरला कडवटपणा आणि वास हिच्यामुळे येतो. एका हंगामात पंधरा-वीस फूट चढते आणि हिवाळ्यात जमिनीपर्यंत मरते. ही हिरवी बोंडं फक्त मादी वेलीला येतात. एक तोडून चुरगळा बरं बोटांत. आत पिवळी पूड दिसली? सगळा माल त्या पुडीत. लिंबाच्या सालीचा वास येतो की नाही? ह्या जातीचं नाव कॅस्केड. इथे जवळच कॉर्व्हॅलिसला सरकारी संशोधन केंद्रात तयार झाली, १९७२ साली बाहेर आली, आणि पुढे अमेरिकेतल्या निम्म्या हौशी लोकांनी तिच्यावरच हात साफ केला. आपल्या ह्या विल्यामेट खोऱ्यात हॉप्सची शेतंच्या शेतं आहेत, सेलमकडे जाताना उंच खांबांवर तारा ताणलेल्या दिसतात त्या ह्यासाठीच.

आणि एक कानात सांगते. ही वेल भांगेच्या कुळातली आहे! वनस्पतिशास्त्रात दोघींचं कूळ एकच. नाही नाही, नशा नाही हिच्यात. पण सूनबाईला मी हे अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

एक मात्र खरंच लक्षात ठेवा. तुमचा तो कुत्रा इकडे नाक खुपसून असतो, त्याला ही बोंडं खाऊ देऊ नका. कुत्र्याला हॉप्स विषारी. अंगात ताप असा चढतो की जीव जाऊ शकतो. शिजवलेले हॉप्स तर गोडसर रसात भिजलेले असतात, ते तो हमखास खाईल. म्हणून आमच्याकडे चोथा बंद पिशवीत बांधून कचऱ्यात जातो.

कसं करतात म्हणता? अहो, ऐकाल तर हसाल. आपण नाचणी भिजवतो, मोड आणतो, वाळवतो, दळतो आणि बाळाला सत्त्व करून घालतो ना, तेच जवाचं. मोड आलेले जव वाळवून, भाजून दुकानात तयार मिळतात, त्याला माल्ट म्हणतात. ते भरडायचे, पीठ करायचं नाही. मग गरम पाण्यात तासभर झाकून ठेवायचे, ६५ ते ६८ अंशांवर. मोडाबरोबर दाण्यात जी पाचकं तयार होतात, ती त्या उष्णतेत पिठाची साखर करतात. दोन-तीन अंश वर गेलं की बियर जड आणि गोडसर, खाली राहिलं की कोरडी आणि पातळ. त्या तासाभरात आमचा मुलगा हातात थर्मामीटर घेऊन भांड्याला प्रदक्षिणा घालत असतो. स्वतःच्या मुलाला ताप आला होता तेव्हा थर्मामीटर कुठे ठेवलाय हे ह्याला माहीत नव्हतं, सूनबाईने तेवढ्यात सुनावलंच.

मग तो गोड रस गाळून तासभर खळखळ उकळायचा. हॉप्स सुरुवातीला घातले तर कडवटपणा उतरतो, शेवटी घातले तर वास राहतो. घरच्या वेलीची बोंडं किती कडू हे कुणी मोजलेलं नसतं, म्हणून ती हा शेवटीच घालतो, कडवटपणासाठी विकतचे. हे उकळणं आधी स्वयंपाकघरात चालायचं. एकदा उतू गेलं. साखरेचा पाक शेगडीच्या फटीफटीत जाऊन बसला, कोळसा झाला. सूनबाई एक शब्द बोलली नाही, सगळं सामान उचलून गॅरेजात ठेवून आली. तेव्हापासून अंगणातच.

उकळून झालं की झपाट्याने थंड करायचं, तांब्याच्या नळीचं वेटोळं आत सोडून त्यातून नळाचं पाणी फिरवायचं. विशीच्या आसपास उतरलं की यीस्ट. एवढीशी पुडी, ११ ग्रॅमची. झाकणाला पाण्याची बारीक नळी लावलेली, त्यातून हवा बाहेर जाते, आत येत नाही. दुसऱ्या दिवसापासून गॅरेजात बुडबुड, बुडबुड. रात्री पाणी प्यायला उठला की हा दार उघडून ऐकून येतो. गंमत बघा, जर्मनीत १५१६ साली बव्हेरियाच्या ड्यूकने हुकूम काढला की बियरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी, बाकी काही घालायचं नाही. त्यात यीस्टचं नावच नाही! सगळं काम करणारा तोच, आणि यादीत त्याचा पत्ता नाही. तो नेमकं काय करतो हे लुई पाश्चरने दाखवून दिलं, बियरवरचा त्याचा ग्रंथ १८७६चा. म्हणजे साडेतीनशे वर्षं राबणाऱ्याला श्रेय नाही. घरातल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको.

बायकांवरून आठवलं. युरोपात शेकडो वर्षं हे बायकांचंच काम होतं. इंग्लंडात घरची ताजी बियर तयार झाली की बाई दारावर एक काठी लावायची, म्हणजे गिऱ्हाइकाने समजायचं. बाराव्या शतकात जर्मनीत हिल्डेगार्ड नावाची मठातली जोगीण होती, तिने लिहून ठेवलंय की हॉप्सच्या कडवटपणाने पेय टिकतं. पुढे धंदा मोठा झाला, पैसा आला, आणि पुरुष आले. आता ते त्याला छंद म्हणतात.

खरं सांगू का, ह्या छंदात शिजवणं एक आणा आणि घासणं पंधरा आणे! बादली, नळ्या, बाटल्या, चमचा, झाकण, जे जे म्हणून थंड रसाला लागणार ते आधी घासायचं, मग जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवायचं. एवढासा जंतू राहिला की सगळं आंबट. हा माझा मुलगा, वहिनी, लग्नाआधी चहाचा कप टेबलावरून उचलून बेसिनमध्ये ठेवायचा नाही. आता शनिवारी रबरी हातमोजे घालून तीन तास बाटल्या घासतो आणि वर मला सांगतो, आई, ब्रश आतपर्यंत गेला पाहिजे. चाळीस वर्षं मी हेच सांगत होते!

तो कोपऱ्यावरचा पांढऱ्या दाढीचा म्हातारा आहे ना, ज्याच्या अंगणात जुनी बोट पडून असते, त्याने ह्याला ही दीक्षा दिली. त्याच्याकडे बसलं की कायद्याच्या कथा ऐकाव्या. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. तेव्हा दुकानातून माल्टचा घट्ट पाक डब्यांत मिळायचा, लोक म्हणायचे ब्रेडसाठी नेतो. बंदी उठल्यावर घरी वाइन करायला परवानगी मिळाली, बियर मात्र राहूनच गेली. ती थेट १९७८ साली जिमी कार्टर यांच्या सहीने सुटली, आणि अंमल १९७९च्या फेब्रुवारीपासून. माणशी वर्षाला १०० गॅलन, घरात दोन प्रौढ असतील तर २००. म्हणजे साडेसातशे लिटर! विकायची नाही एवढीच अट. तरी राज्याराज्यांत वेगळे नियम राहिलेच, अलाबामा आणि मिसिसिपी ह्या दोघांनी तर २०१३ साली हो म्हटलं. आणि आपल्या ह्या ओरेगनमध्ये, जिथे घरटी एक बादली आहे, तिथे २०१० साली दारूच्या खात्याने जुना कायदा नव्याने वाचला आणि सांगितलं की घरची बियर ज्या घरात केली तिथेच प्यायची. म्हणजे शेजाऱ्याला बाटली दिली तरी गुन्हा! राज्याच्या जत्रेतली स्पर्धा त्या वर्षी रद्द झाली. म्हातारा अजून चिडतो. पुढच्या वर्षी विधिमंडळाने कायदा दुरुस्त केला तेव्हा कुठे ही मंडळी शांत झाली.

आमचे हे आता म्हणतात, परत गेलो की सांगलीला गच्चीवर करू. मी म्हटलं, करा, पण तुरुंगात डबा घेऊन मी येणार नाही. आपल्याकडे १९४९चा दारूबंदीचा कायदा अजून आहे. परवान्याशिवाय करणं तर सोडाच, प्यायलासुद्धा कायद्याने परवाना लागतो. पुण्यात २००९ साली डूलाली नावाची छोटी ब्रुअरी सुरू झाली, आता ठिकठिकाणी हॉटेलांत ताजी बियर करून देतात, ते सगळे रीतसर परवाना घेऊन. स्वयंपाकघरातल्या बादलीला कसला परवाना मिळणार! तेव्हा तुमच्या धाकट्याला पुण्यात सामान पाठवायचं मनात असेल तर ते काढून टाका.

थांबा, मुख्य कथा राहिलीच. बाटल्या फुटल्याची! तुम्ही तेव्हा आला नव्हतात. ह्याचे मित्र सिएटलहून येणार, म्हणून घाई. आंबणं पुरतं संपायच्या आधीच बाटल्या भरल्या. बाटलीत फेस यावा म्हणून शेवटी मोजून थोडी साखर घालतात, लिटरला सहा-सात ग्रॅम. इथे आतली साखर शिल्लक होतीच, वर ही आणखी. रात्री दोन वाजता कपाटात धडाड! मग दुसरी, मग तिसरी. सूनबाईला वाटलं बंदूक. नातू रडतोय, हे पलंगाखाली चष्मा शोधताहेत, आणि चिरंजीव डोक्यावर सायकलचं हेल्मेट घालून कपाटाचं दार उघडताहेत. भिंतीत काच रुतली होती, वहिनी. नशीब, कुणी जवळ नव्हतं. आता तो काचेचा हायड्रोमीटर बुडवून बघतो. सुरुवातीला १.०५० असेल आणि शेवटी १.०१०ला येऊन दोन-तीन दिवस तिथेच थांबला, तरच बाटल्या. त्या दोन आकड्यांच्या फरकाला १३१ने गुणलं की टक्के निघतात, सव्वापाचच्या आसपास. हे गणित तो नातवाच्या वहीवर करून दाखवतो. बालवाडीतलं पोर!

गणपतीत तर नवा वाद. घरात गणपती असताना प्यायची नाही हे ठरलेलं, ते सगळे पाळतात. पण हा काय करतो, बरोबर त्याच आठवड्यात आंबवायला ठेवतो, म्हणजे दिवस वाया जात नाहीत. गॅरेज घरात धरायचं की नाही यावर सूनबाई आणि तो दोन दिवस बोलत नव्हते. मला विचारलं तर मी म्हटलं, सोयर-सुतक असतं तेव्हा गॅरेज कुठे धरता, तिथेच आताही धरा. गप्प बसला.

स्वस्त पडते म्हणे. कसली स्वस्त! माल्ट-हॉप्सचा हिशोब सांगतो, तांब्याचं वेटोळं, पातेलं, शेगडी आणि फक्त ह्याच कामाचा फ्रीज कुणी धरायचा? पण एक कबूल करते. पत्त्यांत, सट्ट्यात, फोनमध्ये घालवण्यापेक्षा बरं. पितोही फार नाही. एका वेळी पन्नासेक बाटल्या होतात, निम्म्या वाटतो. मंडळाच्या कोजागरीला आत मसाला दूध आणि बाहेर गॅरेजात सात-आठ बाप्ये चार बोटं बियर ग्लासात फिरवून वास घेत उभे होते. तासभर चर्चा, घोट दोन! मीही चाखली एकदा. कडू लागली. दुसरा घोट जरा कमी कडू लागला. तिसरा मी घेतला नाही, ह्यांचं लक्ष होतं.

जवाचा चोथा मात्र मी सोडत नाही. मागच्या रस्त्यावर कोंबड्या पाळणारी बाई आहे, ती बादलीभर नेते आणि डझनभर अंडी देते. थोडा मी ओव्हनमध्ये कडक वाळवते, बारीक दळते, साल टोचते म्हणून चाळून घेते, आणि थालीपिठाच्या भाजणीत वाटीभर मिसळते. खमंग होतात. परवा तुमच्याकडे पाठवली ती तीच. बघा, तुम्हीच म्हणालात ना, वेगळी चव लागतेय म्हणून? साल आणि थोडं पीठच उरतं त्यात, दारूचा थेंब नाही. आंबायच्या कितीतरी आधी तो बाजूला निघालेला असतो. तुमचा नेम काही मोडला नाही.

बोंडं पुढच्या आठवड्यात काढायची आहेत, कागदासारखी कोरडी लागायला लागली की. तुमच्या बाजूची तुम्ही खुडा, हातमोजे घालून, वेल खरखरीत आहे, अंगाला ओरखडे येतात. आणि तुमच्याकडच्या रिकाम्या बाटल्या कचऱ्यात टाकू नका, आमच्याकडे द्या. तपकिरीच द्या, हिरव्या-पांढऱ्या काचेतून उजेड लागून हॉप्सला घाण वास येतो. आणि हाताने फिरवून उघडणाऱ्या झाकणाच्या नकोत, त्यांच्यावर ह्याचं झाकण नीट बसत नाही. लेबलं राहू द्या, ती तो घासेल.