घाटात काही न घडल्याची हकिकत

वापरलेली मोटार विकणारा गृहस्थ तिच्याविषयी जे सांगतो ते असत्य असते असे म्हणवत नाही. तेराव्याच्या पंगतीत दिवंगताविषयी निघणाऱ्या आठवणींप्रमाणे ते केवळ निवडक असते. आमची फियाट आमच्या गळ्यात घालताना दलालाने, ती एकाच हातातली आहे, तो हात एका डॉक्टरांचा आहे आणि त्या डॉक्टरांचा दवाखाना घराखालीच असल्यामुळे गाडीला श्रम म्हणून ठाऊक नाहीत, असे तिचे त्रोटक चरित्र आम्हांस ऐकवले. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली, १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यालाच जडवलेला गिअर बाळगणारी ती राखी रंगाची जंगम मालमत्ता वाड्यासमोर उभी राहिली मात्र, आर.टी.ओ.तील नावांतराचे सोपस्कार पुरे होण्यापूर्वीच आमच्या कुटुंबाने महाबळेश्वराला जाण्याचा ठराव एकमताने संमत केला.

मी स्वभावतः सावध. विंचू चावल्यावर मांत्रिक शोधीत हिंडण्यापेक्षा निजण्यापूर्वी अंथरूण झटकावे, या मताचा. सबब, गाडीत कोणताही बिघाड नसताना मी ती नाना पेठेतील एका मिस्त्रींपुढे नेऊन उभी केली. त्यांनी बॉनेट उघडले, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि बराच वेळ काही न बोलता ते आत पाहत राहिले. नाडी पाहणाऱ्या वैद्याचे मौन आणि जप्तीला आलेल्या बेलिफाचे मौन यांतील सीमारेषा किती पुसट आहे, हे मला त्या दिवशी प्रथमच उमगले.

मग पंचनामा सुरू झाला. रेडिएटरची तळाची तोटी सोडताच आतून कटाच्या आमटीच्या रंगाचे जे द्रव्य बाहेर पडले, त्याला पाणी म्हणणे हा निव्वळ शिष्टाचार होता. बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवा बुरा चढला होता. तो गरम पाण्याने धुऊन वर व्हॅसलीन चोपडण्यात आले. इंजिनातले तेल दोन बोटांत चोळून मिस्त्री म्हणाले, "साहेब, डॉक्टरांनी पेशंटला औषध दिलं असेल, गाडीला काही दिलेलं दिसत नाही." सर्वांत शेवटी त्यांनी फॅनबेल्ट काढून माझ्या हाती ठेवला. वरून तो काळा, तुळतुळीत आणि खाऊनपिऊन सुखी असलेल्या गृहस्थासारखा दिसत होता. परंतु त्यांनी तो अंगठ्यावर उलटा वाकवला तेव्हा आतल्या अंगाला, वैशाखात काळ्या रानाला पडाव्यात तशा, बारीक भेगांची एक रांगच उघडी पडली.

"हा एकटा तिघांना फिरवतो," ते म्हणाले. "पंखा, पाण्याचा पंप आणि डायनमो. घाटात तुटला की लाल दिवा लागतो, आणि तुम्ही दिवा बघेपर्यंत पाण्याला उकळी येते."

"आज तुटेल?" मी विचारले.

"आजही तुटेल, दिवाळीलाही तुटेल. त्याने काय तुम्हाला लिहून दिलंय?"

ब्रेकचे तेल वर्षानुवर्षे हवेतील ओल पीत बसते, आणि लांब उतारावर ते तापले म्हणजे त्या ओलीची वाफ होऊन पायाखालचे पेडल रिकामे जाते, हे ऐकल्यावर तर मी प्लग, पॉइंट, होज पाइप, इंजिनाचे तेल, त्याची गाळणी आणि ब्रेकचे तेल अशा सर्व कलमांस डोळे मिटून मंजुरी दिली. बिल तीनशे बारा रुपये झाले.

रात्री सौभाग्यवतींनी त्या बिलाचे साद्यंत वाचन केले.

"अहो, बिघडलं काय होतं?"

"काहीच नव्हतं."

"मग दुरुस्त काय केलं?"

या प्रश्नाला प्रतिबंधक देखभालीच्या शास्त्रात उत्तर नाही. घडलेल्या अनर्थाचा खर्च निदान मांडता तरी येतो. न घडलेल्या अनर्थाचे व्हाउचर कोणत्या फाइलीला लावावे? जुना बेल्ट मात्र मी पुराव्यादाखल डिकीत, स्टेपनीशेजारी ठेवून दिला.

पहाटे सहा माणसे, दोन वळकट्या, पाण्याचा एक डबा आणि दशम्यांचे गाठोडे घेऊन आम्ही निघालो, आणि कात्रजच्या पहिल्याच वळणावर माझी स्थिती किती चमत्कारिक आहे ते माझ्या ध्यानी आले. गाडी बिघडली तर तीनशे बारा रुपये पाण्यात गेले, आणि न बिघडली तर ते मुळात घालवलेच कशाला, अशा दोन दगडांत सापडलेला मनुष्य वनश्रीकडे ती काय पाहणार? लाल दिव्यावरची दृष्टी न काढता मी बोगदा पार केला. काही घडले नाही.

शिरवळला नीरा ओलांडून खंबाटकीच्या चढाला लागलो, तो एका वळणावर बॉनेट वर करून एक मोटार वाफा सोडीत उभी! चाकांमागे दगड लावून तिचा मालक वर्तमानपत्राने रेडिएटरला वारा घालीत होता. परदुःखाने इतका हर्ष व्हावा हे शोभणारे नव्हे, तथापि तो झाला. "पाहिलंस?" मी म्हणालो. सौभाग्यवतींनी मान वळवून पाहिले. "जुनी असेल त्यांची गाडी," त्या म्हणाल्या. ती गाडी आमच्या गाडीहून निदान दहा वर्षांनी लहान होती.

वाईला ढोल्या गणपतीला हात जोडताना, पसरणीच्या घाटात काहीतरी किरकोळ, स्वस्त आणि माझ्या दूरदृष्टीची साक्ष देणारे घडावे, असा नवस माझ्या ओठांपर्यंत आला होता. तो मी प्रयासाने गिळला. घाटात मागे कृष्णेचे खोरे एकेका वळणासरशी खाली खाली जात राहिले, मुले गाणी म्हणून थकली, आणि आमची फियाट दुसऱ्या गिअरमध्ये, सोवळ्यातल्या आजीबाईंनी देवळाच्या पायऱ्या चढाव्यात तशी, न थांबता न कुरकुरता पाचगणीला पोहोचली. प्रवासवर्णन लिहिणाऱ्यावर याहून मोठी आपत्ती ती कोणती?

महाबळेश्वरी, चहाच्या टपरीवर, साडेचार हजार फूट उंचीवर पाणी पंचाण्णव अंशांच्या सुमारासच उकळू लागते, म्हणून दाबाने घट्ट बसणारे रेडिएटरचे झाकण किती महत्त्वाचे, हे मी मंडळींना समजावून सांगितले. "तरीच इथला चहा असा लागतो," एवढाच निष्कर्ष सौभाग्यवतींनी काढला. परतताना, ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा हे मिस्त्रींचे वचन पाळीत मी खाली आलो. पेडल पायाखाली शेवटपर्यंत घट्ट लागत होते. रात्री नऊ वाजता गाडी वाड्यात उभी राहिली, आणि "बघा, काही झालं का? उगीच तीनशे रुपये घातलेत," या वाक्याने सहलीची सांगता झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामान काढताना डिकीतला तो बेल्ट भाच्याच्या हाती लागला. त्याने एक बाजू धरली, शेजारच्या पोराने दुसरी, आणि अंगणात रस्सीखेच सुरू झाली. तिसऱ्या हिसक्याला एक कोरडा आवाज होऊन बेल्ट तुटला आणि दोन्ही वीर तुळशीवृंदावनाच्या दोन बाजूंना उताणे पडले. सौभाग्यवतींनी तो उचलला, तुटल्या जागी दिसणारे धागे आणि त्याशेजारच्या भेगा बोटाने चाचपून पाहिल्या, आणि माझ्याकडे न पाहता विचारले,

"पसरणीत आपण चढत होतो तेव्हा किती वाजले होते हो?"

"साडेअकरा. ऊन चांगलेच होते."

त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या खेपेला इंजिनाचे तेल बदलण्याचे पैसे मात्र मी मागण्यापूर्वीच टेबलावर आले.

वाचकहो, आपल्या दारी वापरलेली मोटार आली असेल तर सहलीचा दिवस ठरवण्यापूर्वी, इंजिन बंद करून, तिचा फॅनबेल्ट एकदा उलटा वाकवून पाहा. वरून तो तुळतुळीतच असतो.