श्वानलसनिर्णय

पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी 1790 साली ‘धर्मसिंधु’ सिद्ध करून एकादशी कोणत्या दिवशी धरावी, मलमासात काय वर्ज्य करावं, याचा एकदाचा निकाल लावला. एडवर्ड जेन्नरने देवीची लस टोचली ती 1796 साली. ही सहा वर्षांची चुकामूक झाली नसती, तर आमच्या बंड्या कुत्र्याच्या बूस्टरचा निर्णयही शास्त्रोक्त मिळाला असता. ती उणीव आता आम्हीच भरून काढतो.

प्रथम आरंभकाल. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पहिला डोस. मग सोळा आठवडे पुरे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी एकेक. इथे आमचे शेजारचे काका पूर्वपक्ष मांडतात : “एका सुईत भागत नाही? डॉक्टरचा धंदा आहे सगळा!” त्याचं खंडन असं. पिल्लाला आईच्या चिकातून प्रतिपिंडं मिळतात. ही माहेरची शिबंदी अतिशय इमानी, पण डोक्याने बेताची. पार्व्होचा विषाणू कोण आणि लस कोण हे तिला कळत नाही. दोघांनाही ती वेशीवरच कापून काढते. ती रजेवर कधी जाणार, हे पिल्लागणिक वेगळं. त्यात एक काळ असा येतो, की लस अडवण्याइतकी शिबंदी शिल्लक असते, पार्व्हो अडवण्याइतकी नसते. म्हणून टोचत राहायचं. एखादी तरी लागू पडते. सोळाव्या आठवड्याचा डोस सर्वांत मोलाचा, आणि नेमका तोच बुडतो. तोवर पिल्लाने सोफा खाल्लेला असतो, घरातलं कौतुक ओसरलेलं असतं.

रेबीजबाबत मतभेदाला जागा नाही. तीन महिन्यांचं झाल्यावर, मग वर्षाने, पुढे दरसाल. त्या दाखल्यावाचून पुण्या-मुंबईत महापालिका कुत्र्याचा परवाना देत नाही. लेप्टोचा आजार उंदरांच्या मुतातून आणि पावसाच्या डबक्यांतून पसरतो, सबब त्याचा वार्षिक डोस मृगापूर्वी उरकावा.

आता मुख्य वाद : तिथी की तारीख? तिथी धरली तर वर्ष एरवी 354 दिवसांचं, पण अधिकमास आला की 384 दिवसांचं. वर्षावरचे ते जादा दिवस बंड्या बिनलसीचा हिंडणार. सबब तारीखच ग्राह्य.

वाराविषयी मात्र शास्त्र गप्प आहे आणि शिष्टाचार बोलका. मुलाला मीटिंग, सुनेला ट्रेन, आजोबांना दवाखान्याचा जिना. आणि बंड्याला उचलायला दोन माणसं लागतात, कारण रिक्षा दवाखान्याच्या गल्लीत वळली की तो सीटखाली शिरतो. म्हणून सर्वानुमते रविवार. आमचा दवाखाना रविवारी बंद असतो, ही हरकत दरवेळी शनिवारी रात्री निघते. तिच्यावर निर्णय असा, की पुढचा रविवार धरावा.