‘शंभर टक्के नैसर्गिक’ डबा विकणाऱ्यास

रा. रा. डबेवाले यांस,

पत्राच्या सुरुवातीला ‘सप्रेम नमस्कार’ लिहायची रीत आहे. तुमच्यासाठी मी ती पाळणार नाही.

गेल्या संक्रांतीला आमच्या एकलहऱ्याच्या थर्मल कॉलनीत हळदीकुंकू होतं. तिळगुळासोबत तुमच्या एजंटबाईंनी प्रत्येकीच्या हातावर पावडरीची एक पुडी ठेवली आणि सांगितलं, ‘हार्मोनच्या गोळ्यांनी कॅन्सर होतो. हे घ्या. आजीच्या बटव्यातलं, शंभर टक्के नैसर्गिक.’ समोर बसलेल्या बहुतेक जणी पंचेचाळीस-पन्नाशीच्या होत्या. रात्री दोनला घामाने भिजून उठणाऱ्या, गाऊन बदलून गॅलरीत जाऊन उभ्या राहणाऱ्या, आणि घरात कुणाला न सांगणाऱ्या. अडलेली बाई तुम्ही बरोबर हेरलीत. आठवड्याभरात कितीतरी घरांत तुमचा डबा पोचला.

त्यातलं एक घर माझ्या जाऊबाईंचं. वय चोपन्न, पाळी जाऊन तीन वर्षं झालेली. डबा सुरू असताना त्यांच्या अंगावरून थोडं थोडं लाल जायला लागलं. घाबरून त्यांनी डब्यावरच्या नंबरवर फोन केला. उत्तर मिळालं, ‘शरीरातली गर्मी बाहेर पडतेय. डोस दुप्पट करा.’ त्यांनी केला. चार महिने केला. मला कळलं तेव्हा मी त्यांना हाताला धरून नाशिकरोडला डॉक्टरांकडे नेलं. सोनोग्राफीत गर्भपिशवीचं अस्तर जाड दिसलं, तुकडा तपासायला गेला, कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, त्या आज बऱ्या आहेत. तुमच्या पावडरीने कॅन्सर झाला असं मी म्हणत नाही. पण त्याची हाक आली होती, आणि ती तुम्ही चार महिने दाबून धरलीत. हा तुमचा गुन्हा.

पाळी गेल्यावर ज्यांच्या अंगावरून जातं, अशा शंभर बायकांत साधारण नऊ जणींना गर्भाशयाचा कॅन्सर निघतो. आणि हा कॅन्सर झालेल्या दहांपैकी नऊ जणींना आधी रक्तस्रावच दिसलेला असतो. शरीर इतकी स्पष्ट सूचना क्वचित देतं. तुम्ही तिला ‘गर्मी’ म्हणालात!

मग मी तो डबा चष्मा लावून वाचला. तुमच्या ‘आजीच्या बटव्यात’ ब्लॅक कोहॉश आहे. ही वनस्पती उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडच्या जंगलात उगवते. आमच्या कुठल्या आजीने ती पाहिली होती? ती घेणाऱ्या काही जणींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून ऑस्ट्रेलियात तसा इशारा डब्यावर छापावा लागतो. तुमच्या डब्यावर तो नाही. आहे तो चौदा अंकी अन्न परवाना, आणि ‘सरकारमान्य’ म्हणून तुम्ही तोच दाखवता. तो खाद्यपदार्थ विकण्याचा परवाना आहे. पावडरीने आजार बरा होतो, याचा तो दाखला नव्हे. मासिक पाळीचे विकार आणि स्त्रियांचे आजार बरे करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, हेही तुम्हाला ठाऊक असणार.

ज्या कॅन्सरची भीती दाखवून तुम्ही धंदा केलात, त्याचा हिशेबही मांडते. अमेरिकेतला १६,६०८ बायकांवरचा अभ्यास २००२ साली मध्येच थांबवला गेला. दोन हार्मोन एकत्र घेणाऱ्या १०,००० बायकांमागे वर्षाला स्तनाचे ८ कॅन्सर जास्त आढळले. त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या, खूप त्रास असलेल्या निरोगी बाईला बहुतेक वेळा फायदा धोक्यापेक्षा मोठा असतो, असं आज डॉक्टर सांगतात. स्तनाचा कॅन्सर झालेल्या किंवा रक्ताच्या गुठळ्या होणाऱ्या बाईला हार्मोन सहसा देत नाहीत. तिच्यासाठी बिनहार्मोनची औषधं आहेत. कुणाला काय द्यायचं, हे तपासून ठरतं. हळदीकुंकवात नाही.

मी घरगुती उपायांच्या विरोधात नाही. माझ्या ताटात नाचणीची भाकरी आणि जवसाची चटणी रोज असते. नाचणीतलं कॅल्शियम हाडांना हवंच असतं, वजन उचलण्याचा व्यायामही हवा. पण पाळी जाताना अंगात उठणाऱ्या गरम झळांवर जवस तपासून पाहिलं गेलं आहे. १८८ बायकांपैकी निम्म्यांना सहा आठवडे जवसाच्या वड्या दिल्या, निम्म्यांना नुसत्या तशा दिसणाऱ्या. दोन्ही गटांत एक तृतीयांशाहून थोड्या जास्त जणींचा त्रास निम्म्यावर आला. जवसाने वेगळं काही केलं नाही. तुमच्या डब्याने ‘बरं वाटलं’ म्हणणाऱ्या बायका खोटं बोलत नाहीत. त्यांच्या खऱ्या अनुभवाचे पैसे तुम्ही केलेत.

माझी मागणी एकच आहे. ‘नैसर्गिक’ हा शब्द जितक्या मोठ्या अक्षरात छापता, तितक्याच मोठ्या अक्षरात डब्याच्या झाकणावर हे छापा: ‘पाळी जाऊन वर्ष झाल्यावर रक्ताचा एक थेंब दिसला तरी ही पावडर बंद करा आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.’

तुम्ही छापाल याची वाट मी पाहणार नाही. येत्या संक्रांतीला कॉलनीत माझ्याकडचं वाण हेच वाक्य असेल, वाणाच्या वाटीत चिठ्ठी करून. जाऊबाई म्हणाल्यात, ती त्या स्वतःच्या हाताने वाटतील.

एकलहऱ्याची एक रहिवासी