सातशे ओळींचा कारभार

बिलिंगचं कुठलंही जुनं सॉफ्टवेअर उघडा, आत 'प्रोसेसइन्व्हॉइस' नावाची एक मेथड पाय पसरून बसलेली सापडेल. सातशे ओळी. गिऱ्हाईक तपासणं, सवलत लावणं, कर काढणं, साठा घटवणं, पावती छापणं, वर मालकाला एसएमएस धाडणं, सगळा कारभार एकहाती. व्हॅटचा हिशेब कॉमेंटमध्ये पुरलेला, आणि २०१७च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा त्याच थडग्यावर चढवलेला नवा मजला. नव्या पोराला टीमलीड एकच मंत्र देतो: "चालतंय ना? मग हात लावू नकोस."

चालतं, पण सरकारला हुक्की येईपर्यंत. २२ सप्टेंबर २०२५ला जीएसटीचा १२ टक्क्यांचा टप्पा गेला, २८चाही जवळपास गेलाच. कराचे दर एका जागी असते तर काम चहा निवायच्या आत उरकलं असतं. इथे मात्र पाच ठिकाणी लिहिलेला ०.१२ हा कर आहे की दलालाचं कमिशन, हे ठरवण्यातच रात्र सरते.

त्यातलीच एक ओळ बघा. विक्रेत्याच्या जीएसटी क्रमांकातले पहिले दोन आकडे गिऱ्हाइकाच्या पहिल्या दोन आकड्यांहून वेगळे असतील, तर पुढे चाळीस ओळींचा धुमाकूळ. का? लिहिणाऱ्याला ठाऊक होतं. पहिले दोन आकडे राज्याचे: २७ महाराष्ट्र, ३० गोवा. राज्य वेगळं तर आयजीएसटी, एकच असेल तर सीजीएसटी आणि एसजीएसटी निम्मे निम्मे. पण हे ज्ञान घेऊन तो केव्हाच दुसऱ्या कंपनीत गेला. तिथे वाढीव पगारावर पुढची सातशे ओळींची मेथड लिहीत असेल.

ती ओळ उचलून 'इजइंटरस्टेट' नावाच्या छोट्या मेथडमध्ये ठेवली असती, तर जीएसटीचा 'जी' न कळणाऱ्यालाही वाक्य वाचता आलं असतं. यावर सीनियर मंडळी भुवया उंचावतात: "एका ओळीसाठी अख्खी मेथड?" हो. 'रिफॅक्टरिंग' हे पुस्तक १९९९ साली लिहिणारे मार्टिन फाउलर याबाबतीत स्मॉलटॉकचा दाखला देतात. तिथे मजकूर ठळक करणारी 'हायलाइट' नावाची मेथड होती आणि तिच्या पोटात 'रिव्हर्स'ला एक हाक, बस्स. पडदा काळा-पांढरा, तेव्हा रंग उलटे केले की झालं ठळक. नाव कोडपेक्षा लांब, तरी त्यांना त्यात काही खटकलं नाही. काय करायचंय ते नावात, कसं करायचं ते पोटात.

शिवाय हिंजवडीच्या सेझमधलं गिऱ्हाईक दारात येतंच. दोघांचे क्रमांक २७नेच सुरू होतात, पण सेझमधला पुरवठा कायदा आंतरराज्यच धरतो. छोटी मेथड असेल तर दुरुस्ती एका जागी. नसेल तर ती दोन आकड्यांची तुलना कुठे कुठे चिकटवली आहे ते शोधत फिरा आणि एक जागा हमखास विसरा.

आता रिफॅक्टरिंगचं फर्मान सुटलं की काय होतं तेही बघण्याजोगं. सातशे ओळींचे सात तुकडे होतात: 'प्रोसेसपार्टवन', 'प्रोसेसपार्टटू', आणि कल्पकता संपली की 'प्रोसेसपार्टटून्यू'. प्रत्येकाला अकरा पॅरामीटर, त्यात ट्रू, फॉल्स, ट्रू, नल अशी वरात. मॅनेजर खूश, कारण कुठलीच मेथड शंभर ओळींच्या वर नाही. दुसऱ्या टोकाला पुस्तक नुकतंच वाचलेला उत्साही असतो. तो दोन-दोन ओळींच्या इतक्या मेथड पाडतो की एक बेरीज शोधायला नऊ फायली उघडाव्यात. जॉन ऑस्टरहाउट यांनी २०१८च्या पुस्तकात अशा उथळ चिरफाडीला चांगलंच झोडपलंय, आणि मला ते पटतं. पण त्यांचं नाव पुढे करून सातशे ओळी तशाच ठेवणारेही भेटतात. त्यांनी ते पुस्तक वाचलेलं नसतं.

खरी गोची नावाची. रॉबर्ट मार्टिन यांच्या 'क्लीन कोड'मध्ये (२००८) 'चेकपासवर्ड' नावाची एक चिमुकली मेथड आहे. पासवर्ड तपासते आणि जाता जाता गुपचूप सेशनही सुरू करून टाकते. आपल्याकडे तिची बहीण 'व्हॅलिडेटइन्व्हॉइस': तपासता तपासता साठा घटवते. बिल दोनदा तपासलं की गोदामातला माल दोनदा कमी! निदान 'व्हॅलिडेटअँडरिड्यूसस्टॉक' असं खरं नाव तरी द्या, त्या 'अँड'मुळे दोन कामं तरी उघडी पडतील, असं सुचवलं की रिव्ह्यूत लगेच उत्तर येतं: "नाव फार लांब होतंय. नुसतं 'चेक' ठेवू या?"