घाटाच्या अलीकडे गुन्हा, पलीकडे पर्यटन

सुरतेत वाइनरी नाही. सुरतकरांची वाइनरी सापुताऱ्याचा घाट ओलांडून नाशिकला आहे. तिथली सुला वाइनरी १९९९ सालची. हंगामात तिथे पाहुणे टबात उतरून पायांनी द्राक्षं तुडवतात, मग पेला गोल फिरवून, नाक आत खुपसून, ‘पेरूचा वास येतोय’ असं गंभीर चेहऱ्याने सांगतात. मौज अशी, की गुजरात आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांची दारूबंदी १९४९ च्या एकाच मुंबई कायद्यातून आलेली. महाराष्ट्रातही पिण्यासाठी परवाना लागतो, कागदावर. म्हणजे ज्या कायद्याने अलीकडे कोठडी, त्याच कायद्याच्या परवान्यावर पलीकडे सहल. कुणी म्हणेल, बंदीने गरिबांचे संसार वाचतात. मुद्दा हलका नाही. पण जुलै २०२२ मध्ये गुजरातच्या बोटाद परिसरात विषारी दारूने चाळीसहून अधिक माणसं गेली, ती काही पेला फिरवून वास ओळखणाऱ्यांतली नव्हती. डिसेंबर २०२३ मध्ये दारूबंदीतून सवलत मिळाली ती गांधीनगरच्या गिफ्ट सिटी या वित्तीय केंद्राला, तिथले कर्मचारी आणि त्यांचे पाहुणे यांच्यापुरती. सुरतेतल्या लिंबायतच्या यंत्रमाग कामगाराला गिफ्ट सिटीत कुणी पाहुणा म्हणून बोलावत नाही, आणि नाशिकला जायला त्याला रजाही मिळत नाही.